नवती फुटली की लिंबावरच्या फुलपाखराकडे लक्ष ठेवा

पावसाने उघडीप दिली की संत्रा, मोसंबी, कागदी लिंबाला कोवळी नवती म्हणजे नवी पालवी फुटते आणि त्यापाठोपाठ काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके असलेले, बिनशेपटीचे फुलपाखरू बागेत घिरट्या घालू लागते. ते स्वतः फुलांतला मध पिते, पानाला तोंड लावत नाही. पण मादी कोवळ्या शेंड्यांवर एकेक सुटे, गोल, पिवळसर अंडे घालते आणि तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर पडते.

फसगत इथेच होते. लहान अळी काळपट असते, अंगावर पांढरा पट्टा, त्यामुळे पानावर पाखराची शीट पडली आहे असेच वाटते. मोठी झाली की हिरवी होऊन पानात मिसळते. तिला डिवचा, डोक्यामागून नारिंगी-तांबडी दुशिंगी बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. ती पान कडेने खात जाते, शेवटी मधली शीर तेवढी उरते.

मोठ्या, फळावरच्या झाडाला चार पाने गेल्याने काही होत नाही. तिथे फवारणीचा खर्च करू नका. खरी काळजी रोपवाटिकेची: कलमाच्या खुंटासाठी लावलेली जंभेरी लिंबाची रोपे, नुकताच डोळा भरलेली (कळी बसवलेली) कलमे आणि वर्ष-दोन वर्षांची झाडे. ती बघता बघता उघडी पडतात. आठवड्यातून दोनदा सकाळी फेरी मारा, अंडी-अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. बांधावरची बावची आणि जवळचा बेलही पाहा, अळी तिथेही वाढते.

वेचणे आवरत नसेल तर 5 टक्के निंबोळी अर्क फवारा: 5 किलो कुटलेली निंबोळी रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, द्रावण 100 लिटर करा. अळ्या लहान असतानाच बीटी या अळ्या मारणाऱ्या जिवाणूचे औषध लेबलवरच्या मात्रेत, संध्याकाळी मारा. उन्हात त्याचा असर लवकर ओसरतो.

एका फवारणीने विषय संपत नाही. हे फुलपाखरू लांबवर उडते. पश्चिम आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली ही जात 2004 मध्ये कॅरिबियनमधल्या डॉमिनिकन प्रजासत्ताकातही आढळली. शेजारच्या बागेतून ते तुमच्याकडे सहज येणार.

आणखी एक विनंती. आपले राज्य फुलपाखरू नीलवंत, त्याची अळीही याच कुळातल्या झाडांवर वाढते आणि दिसायला बरीचशी अशीच असते. म्हणून परसातल्या जुन्या लिंबावर, पपनसावर विष मारू नका. बारीक भोक पडलेला कोष दिसला तर त्यातून मित्र गांधीलमाशी, म्हणजे कोषात वाढून ही कीड मारणारी माशी, बाहेर पडलेली असते. अशा बागेत रासायनिक फवारणी पुढे ढकला.