स्कॅनरचा ओपन सोर्स ड्रायव्हर तपासताय? या चुका टाळा

लिनक्सवर स्कॅनर चालवतो तो ‘सेन’ हा सॉफ्टवेअरचा संच. त्यात स्कॅनरच्या जातीनुसार वेगवेगळे ड्रायव्हर असतात, त्यांना बॅकएंड म्हणतात. चाचणीत वेळ जातो तो बहुधा ड्रायव्हर वाईट असतो म्हणून नाही. आपण तपासायला घेतलेला ड्रायव्हर चालतच नसतो, चालत असतो भलताच.

सोर्स कोडवरून सेनची नवी आवृत्ती बिल्ड केली की ती यूएसआर-लोकल या फोल्डरमध्ये जाऊन बसते. डिस्ट्रोची, म्हणजे तुमच्या लिनक्ससोबत आलेली, जुनी लायब्ररी तिच्या जागी तशीच असते आणि स्कॅनइमेज ही सेनची स्कॅन करायची कमांड खुशाल तीच उचलते. मग कोडमध्ये काहीही बदला, निकाल तोच! म्हणून आधी स्कॅनइमेजला कॅपिटल व्ही देऊन आवृत्ती बघा, एलडीडी या कमांडने लायब्ररी कुठून येतेय ते पाहा. सेटिंगच्या फायलींचंही तसंच: कोणते बॅकएंड वापरायचे त्यांची यादी डीएलएल डॉट कॉन्फ या फाइलमध्ये असते. नवं सेन यूएसआर-लोकलमधलं डीएलएल डॉट कॉन्फ वाचत असेल, तर सिस्टिमच्या ईटीसी फोल्डरमधल्या फाइलमध्ये बॅकएंडचं नाव लिहून उपयोग नाही.

नावावरून बॅकएंड ठरवू नका. कॅनन लाइड ११० हा स्कॅनर जेनेसिस बॅकएंडवर चालतो, लाइड ३०० मात्र पिक्स्मा बॅकएंडवर. एलएसयूएसबी या कमांडमध्ये दिसणारा व्हेंडर (कंपनी) आणि प्रॉडक्ट क्रमांक खरा. सेन-फाइंड-स्कॅनर या कमांडमध्ये यंत्र दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. यूएसबीवर स्कॅनरसारखं काहीतरी आहे, एवढंच ते सांगतं. ड्रायव्हर आहे की नाही, ते नाही.

सुडोची, म्हणजे कमांड अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवायची, सवय सगळ्यात महागात पडते. सुडोने स्कॅन झालं आणि साध्या युजरला ‘नो स्कॅनर्स’ आलं, तर दोष ड्रायव्हरचा नाही, परवानगीचा आहे. यंत्राची परवानगी ठरवणारा यूडेव्हचा नियम किंवा तुमचा युजर स्कॅनर ग्रुपमध्ये आहे का ते तपासा. शिवाय सुडो बरीचशी एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स, म्हणजे टर्मिनलमध्ये ठेवलेली सेटिंग्ज, गाळून टाकतो. म्हणजे तुम्ही सविस्तर लॉगसाठी सेन-डीबग-जेनेसिस हे व्हेरिएबल २५५ वर ठेवून बसलेले, आणि लॉग कोरा.

ऑल-इन-वन (प्रिंटर-स्कॅनर एकत्र) मशीन असेल तर आयपीपी-यूएसबी ही पार्श्वभूमीत चालणारी सेवा चालू आहे का बघा. ती यूएसबीचा ताबा घेऊन बसते आणि जुन्या पद्धतीच्या बॅकएंडला यंत्र उघडताच येत नाही. ती थांबवून पुन्हा तपासा. पहिलं स्कॅन होतं आणि दुसरं अडकतं असं असेल, तर सेन-यूएसबी-वर्कअराउंड हे व्हेरिएबल १ करून बघा.

नव्या, कुणी न तपासलेल्या मॉडेलवर पहिलं स्कॅन चालवून चहाला जाऊ नका. जीटी६८एक्सएक्स बॅकएंडच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की हात प्लगवर ठेवा आणि स्कॅनरचं सरकणारं हेड टोकाला आपटलं तर वायर काढा. मॅन्युअलवाल्यांनी उगाच लिहिलेलं नाही ते. घरघर किंवा टकटक ऐकू आली की कंट्रोल-सी दाबून कमांड थांबवणं वगैरे करत बसू नका, सरळ प्लग ओढा. पहिल्या स्कॅनआधी खालच्या बाजूचं वाहतुकीचं लॉक (नेताना हेड हलू नये म्हणून असतं ते) उघडलंय ना, हेही पाहा. ते बंद असलं तरी आवाज तसाच येतो.

३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) छान आलं म्हणून ‘चालतोय’ असं कळवू नका. ७५, ६००, राखाडी, रंगीत, सगळं काढून बघा. रिझोल्यूशन बदललं की मोटरचा वेग आणि कॅलिब्रेशन (सेन्सर जुळवून घेणं) दोन्ही बदलतात. उभ्या रेघा आल्या तर जेनेसिसने जपून ठेवलेलं जुनं कॅलिब्रेशन आधी पुसा.

तक्रार नोंदवताना फक्त ‘स्कॅन होत नाही’ एवढं लिहिलं तर डेव्हलपर काय करणार? यूएसबी क्रमांक, सेनची आवृत्ती, नेमकी कमांड आणि प्लग काढून पुन्हा लावल्यानंतरच्या पहिल्याच प्रयत्नाचा पूर्ण लॉग जोडा. शेवटच्या दहा ओळी कापून देऊ नका. बिघाड बऱ्याचदा त्यांच्या बराच वर सुरू झालेला असतो.