फ्रेंच हॉर्न सुरात आणताना मी काय काय चुकलो

सोलापुरात फ्रेंच हॉर्न (गोल गुंडाळलेल्या नळीचं, फुंकून वाजवायचं पितळी वाद्य) वाजवतो म्हटलं की लोकांना आधी गाडीचा हॉर्न वाटतो, मग फोटो दाखवला की "जिलबी आहे की बे ही" म्हणतात. इथं शिकवणारं कुणी भेटलं नाही, मामांचा लग्नाचा बँड आहे तिथं कॉर्नेटवर (छोट्या ट्रम्पेटसारखं वाद्य) ओठ तयार झाले, मग सेकंडहँड डबल हॉर्न घेतला आणि बाकी सगळं व्हिडिओ बघून. म्हणजे चुका भरपूर, त्यातल्या सुराच्या तेवढ्या सांगतो.

पहिल्या कार्यक्रमाला मोबाईलवर ट्यूनर (सूर मोजणारं ॲप) लावला, हॉर्न मांडीवर, डावा हात वाल्वच्या (नळी लांब-आखूड करणाऱ्या खटक्यांच्या) पट्ट्यांवर, उजव्या हातानं स्लाइड (आतबाहेर सरकणारी नळी) ओढत काटा अगदी मधे आणला आणि खुश. स्टेजवर उजवा हात बेलमध्ये (हॉर्नच्या पसरट तोंडात) घातला नि सगळाच सूर खाली गेला. मामा नंतर म्हणले, "काय बे, पेटी एकीकडं अन् तू एकीकडं?" तर बेलमध्ये हात गेला की सूर उतरतो, जास्त झाकला की अजून उतरतो, उघडला की चढतो. म्हणून ट्यूनिंग करताना हात वाजवताना असतो तसाच आत पाहिजे, काटा बघून मग हात काढून स्लाइड हलवायची, परत हात आत, परत बघायचं. हाताचा आकार देवळात तीर्थ घेताना करतो तसा, बोटं चिकटलेली, फट नाही, आणि बोटांची मागची बाजू बेलच्या पत्र्याला टेकलेली.

डबल हॉर्न म्हणजे एकात दोन वाद्यं, एक पांढरी चारचं म्हणजे एफ, साधारण १२ फूट नळी, आणि दुसरं काळी पाचचं, बी फ्लॅट, साधारण ९ फूट. कुठली स्लाइड दोन्हीला हलवते आणि कुठली एकालाच ते आधी फुंकून बघा, प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. मग लिहिलेला मधल्या सप्तकातला वरचा सी (हॉर्नच्या नोटेशनमध्ये सी लिहिला की ऐकू एफ येतो) एकही वाल्व न दाबता धरायचा आणि अंगठ्याचा वाल्व (तो एफ आणि बी फ्लॅट बाजू बदलतो) दाबत सोडत राहायचं, सूर हलला नाही पाहिजे. वाल्वच्या स्लाइड थोड्या थोड्या बाहेर ठेवा. पहिला आणि तिसरा एकत्र दाबला की सूर चढतो, कारण प्रत्येक नळी एकटीच्या हिशोबानं कापलेली असते, दोन मिळून कमी पडतात.

आता खरी गंमत. एफ बाजूला वाल्व न दाबता लिहिलेला खालचा ई (ऐकू ए येतो) वाजवला की ट्यूनर १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) कमी दाखवतो. मी महिनाभर ओठ आवळून तो वर ढकलत होतो, गालाला कळ यायची. मग एकदा तानपुऱ्याचं ॲप पांढरी चारला लावून सहज वाजवला तर इतका गोड बसला की मी थांबलोच! तानपुऱ्यात जो गंधार आपोआप ऐकू येतो ना, स्वयंभू गंधार, तोच तो, दोन्हीकडं पाचवा हार्मोनिक (मूळ सुराच्या पाचपट कंपनाचा सूर). म्हणजे वाद्य चुकत नव्हतं, ट्यूनर कीबोर्डच्या हिशोबानं बोलत होता. त्यामुळे कॉर्डमध्ये तो सूर गंधार असेल तर खालीच राहू द्या, पेटी किंवा कीबोर्डबरोबर असाल तर थोडा उचला. सातवा हार्मोनिक मात्र ३१ सेंट खाली असतो, त्याच्या नादी लागू नका, दुसऱ्या फिंगरिंगनं घ्या. माझ्या मते रोज १५ मिनिटं तानपुरा, ट्यूनर आठवड्यातून एकदा, उलटं केलं की कान आंधळा होतो.

ऊन हा इथला वेगळा विषय. नळीतली हवा १ डिग्री तापली की सूर साधारण ३ सेंट चढतो. मे महिन्यात पारा ४० च्या वर, मांडवात बसलं की सूर चढत जातो, मेन स्लाइड बाहेर काढावीच लागते. आणि जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसात पहाटे वाजवायला घेतला की हॉर्न थंडगार, सूर खाली, तेव्हा लगेच स्लाइड आत ढकलू नका, पाच मिनिटं नुसती गरम हवा फुंका, मग ट्यून करा, नाहीतर दुसऱ्या गाण्याला परत सगळं बदलतं.

स्लाइडला ग्रीस लावत जा. माझी तिसरी दोन महिने न हलवल्यानं अशी अडकली की मी ती गॅरेजवाल्याकडं नेली, त्यानं पाना काढला तेव्हा हॉर्न उचलून पळत घरी आलो.