फोर व्हील ड्राइव्ह गाडीचे टायर जुळवताना या चुका टाळा

चारही टायरांवर छापलेले माप सारखे असले की टायर जुळले, असे मानणाऱ्यांची संख्या काही केल्या कमी होत नाही. ज्या गाडीची केवळ पुढची किंवा केवळ मागची चाके इंजिन फिरवते, तिच्यात हा समज सहसा खपून जातो, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारा दुवाच तिथे नसतो. फोर व्हील ड्राइव्ह गाडीत मात्र ही चाके गिअर, साखळी किंवा क्लचच्या चकत्या यांनी एकमेकांना बांधलेली असतात. म्हणून येथे जुळवायचे असते ते छापील माप नव्हे, तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी प्रत्यक्षात कापते ते अंतर.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे दोनच नवे टायर बसवणे. मागचे दोन गुळगुळीत झाले, पुढच्यांत अजून जीव आहे, मग चारांचा खर्च कशाला, असा हा हिशेब असतो. आता झिजेचा हिशेबही करून पाहावा. साध्या रस्त्यासाठीच्या नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. जुन्या टायरची ३ मिलिमीटर उरली असेल, तर त्रिज्येत ५ आणि परिघात सुमारे ३१ मिलिमीटरांचा फरक पडतो. २६५/६५ आर १७ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर असतो, म्हणजे हा फरक सव्वा टक्क्याच्या घरात जातो. आकडा किरकोळ वाटतो खरा, पण तो प्रत्येक फेऱ्यागणिक साचत जातो आणि साचलेल्या फरकाला कुठेतरी वाट काढावीच लागते.

माझ्या एका परिचितांच्या गाडीत ती वाट निघाली नाही. गाडी पार्ट टाइम प्रकारची होती, म्हणजे ‘फोर हाय’मध्ये (चारही चाकांना ताकद) लिव्हर टाकताच पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत ताकद नेणारे दांडे) एकमेकांशी पक्के जखडले जाणारी, मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी, नसलेली. चिखलाचा रस्ता संपून कोरडे डांबर लागले तरी त्यांनी काही अंतर गाडी तशीच चालवली, आणि मग लिव्हर ‘टू हाय’मध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) येईचना. जोर लावल्यावर खालून असा दणका आला की गाडीतले सगळे गप्प झाले. पुढे ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टांना ताकद वाटणारी गिअरपेटी, दोनदा उघडली गेली, बेअरिंगे बदलली, तेल बदलले, पण दुखणे कायम राहिले. या सगळ्या काळात टायरांकडे कोणीही पाहिले नाही, कारण चारांवरही तेच माप छापलेले होते.

मी खडू आणि टेप घेऊन गेलो. लिव्हर ‘टू हाय’मध्ये आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून सपाट जागेवर गाडी ढकलत चाकांचे चार पूर्ण फेरे मोजले. पुढच्या चाकांनी चार फेऱ्यांत ९३०० मिलिमीटर अंतर कापले, तर मागच्यांनी ९४८८. म्हणजे एका फेऱ्यात ४७ मिलिमीटरांची तफावत. पुढच्या टायरांची नक्षी साडेतीन मिलिमीटर उरली होती आणि मागे वेगळ्या कंपनीचे, ९ मिलिमीटर खोल नक्षीचे कोरे टायर होते. ढोबळमानाने त्या ४७ पैकी ३५ मिलिमीटर झिजेच्या खात्यावर आणि उरलेले १२ कंपनी बदलल्याच्या खात्यावर जातात. किलोमीटरमागे पुढची चाके साडेआठ फेरे जास्त फिरत होती. त्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवरच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर ४.१ होते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१ फेरे, आणि त्यामुळे दोन शाफ्टांमध्ये दर किलोमीटरला सुमारे ३५ फेऱ्यांची ओढाताण होत होती. चिखलात चाके घसरून हा पीळ सोडवतात, पण कोरडे डांबर घसरू देत नाही आणि सगळा ताण गिअरच्या दातांवर येतो. चारही टायर एका जातीचे बसवल्यावर लिव्हर दोन बोटांनी हलू लागला. दोन टायर वाचवण्याच्या नादात ट्रान्स्फर केसवर जो खर्च झाला, त्यात टायरांचे दोन संच आले असते.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. पार्ट टाइम गाडी कोरड्या डांबरावर वळणे घेत चालवली, तर टायर तंतोतंत जुळलेले असूनही लिव्हर अडकतो, कारण वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. तो दोष टायरांचा नसून चालवणाऱ्याचा आहे. सरळ रस्त्यावरही पीळ भरत असेल, तर मात्र आधी टायर मोजावेत आणि मगच पाना हातात घ्यावा. अडकलेला लिव्हर कधीही रेटू नये. गाडी काही मीटर सरळ मागे घ्यावी, पीळ उलगडला की तो आपोआप सुटतो. ज्यांना तेवढाही धीर नसतो, त्यांना तुटलेला सिलेक्टर फोर्क (लिव्हरच्या इशाऱ्यावर आतला गिअर सरकवणारा काटा) पाहायला मिळतो.

‘माझी गाडी फुल टाइम आहे, तिला काही होत नाही’ हे वाक्यही मी पुष्कळ ऐकले आहे. फुल टाइम म्हणजे चारही चाकांना कायम ताकद मिळणारी गाडी. मधले डिफरन्शियल फरक पचवते हे खरे, पण ते वळणापुरते फिरण्यासाठी असते, सरळ रस्त्यावर अखंड राबण्यासाठी नाही. व्हिस्कस कपलिंग (घट्ट द्रवातून ताकद पोचवणारा जोड) किंवा क्लचच्या चकत्या असलेल्या गाड्यांत हा फरक उष्णता होऊन बाहेर पडतो. सुबारू ही जपानी कंपनी तर चार टायरांच्या परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही, आणि पाव इंच परिघ म्हणजे नक्षीच्या खोलीत जेमतेम १ मिलिमीटर.

मोजण्याबाबत एक सूचना. जमिनीपासून चाकाच्या मध्यापर्यंतची उंची मोजून निष्कर्ष काढू नये. हवा कमी झाली की ही उंची बरीच उतरते, पण रेडियल टायरचा पोलादी पट्टा ताणला जात नसल्याने फेऱ्यातले अंतर त्या प्रमाणात घटत नाही. चारही चाकांत ठरलेली हवा भरावी आणि गाडी ढकलूनच मोजावे. चार फेऱ्यांऐवजी एकच मोजण्याचा आळसही करू नये, कारण टेप धरण्यातली चूक एका फेऱ्यात मोठी दिसते आणि चारांत विभागली जाते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. पुढे हायवेची आणि मागे चिखलाची नक्षी ठेवली की ब्रेक दाबताना दोन्ही टोके वेगवेगळी वागतात. रेडियल आणि नायलॉन बायस (तिरप्या नायलॉन थरांचे) टायर एका गाडीवर एकत्र बसवूच नयेत. भारनिर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, गाडीच्या पुस्तकातल्यापेक्षा कमी घेऊ नये. ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो. टायरच्या बाजूवर ‘DOT’ अक्षरांपुढे छापलेल्या डॉट क्रमांकातील शेवटचे चार आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, दुकानदार त्याला कितीही ‘ताजा माल’ म्हणो.

राहिली स्टेपनी. बहुतेकांची स्टेपनी वर्षानुवर्षे मागे लटकून कोरीच राहते, आणि पंक्चर झाल्यावर झिजलेल्या तिघांच्या जोडीला हा चौथा येऊन बसतो. मी पाचही टायर एकाच खरेदीत घेतो आणि दर ८००० किलोमीटरांना स्टेपनीसह त्यांची जागा बदलतो, त्यामुळे एखादा टायर कायमचा फाटला तरी उरलेले चार सारखेच झिजलेले असतात. स्टेपनी जुळत नसेल आणि नाइलाजाने लावावी लागली, तर पार्ट टाइम गाडी ‘टू हाय’मध्येच चालवावी आणि तो टायर शक्यतो इंजिनाची ताकद न मिळणाऱ्या पुढच्या ॲक्सलवर बसवावा. मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (दोन चाकांच्या वेगातला फरक चकत्यांनी रोखणारे) असेल, तर हे विशेष कटाक्षाने पाळावे, कारण दोन बाजूंना दोन परिघ मिळाले की त्याच्या चकत्या सरळ रस्त्यावरही घासत राहतात.