विद्वान माईकसमोर बसतात तेव्हा: गोव्यातल्या रेडिओ चर्चांचा अनुभव

गाण्यांच्या कार्यक्रमाला निवेदक हवा म्हटलं की रांग लागते. चर्चेच्या कार्यक्रमाला मात्र माणूस हुडकावा लागतो. युक्रेन, गाझा, सुदान, आरक्षण, एआय असे विषय निघाले की नवी मुलं "ते प्राध्यापक लोकांचं काम" म्हणत हळूच मागे सरतात. मी फोंड्याची. मराठीत एमए केलं, आधी कॅज्युअल, म्हणजे ड्युटीपुरती बोलावलेली, निवेदक म्हणून बोलले आणि गेली काही वर्षं गोव्यात रेडिओसाठी चर्चा बसवायचं काम करतेय. या वाटेला यायचं मनात असणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

शिरायचं कसं, ते थोडक्यात सांगते, कारण त्यात गूढ काही नाही. आकाशवाणी कॅज्युअल निवेदकांसाठी जाहिरात काढते. लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी, मुलाखत असा क्रम असतो. निवड झाली तरी महिन्याला मोजक्याच ड्युट्या मिळतात, म्हणजे यावर घर चालवायचं स्वप्न बघू नका. दुसरी वाट कम्युनिटी रेडिओची. २००६ च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांनाही असं केंद्र काढता येतं. त्याआधी परवानगी फक्त शिक्षणसंस्थांना होती. ट्रान्समीटर लहान, पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा, पण निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाला पाहिजे अशी अट आहे. नवख्याला शिकायला ही जागा मोठ्या केंद्रापेक्षा बरी, कारण तिथं संपादन, फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी), पाहुण्यांना फोन आणि चहा, सगळं तुमच्याच गळ्यात पडतं. खासगी एफएमवर स्वतःच्या बातम्या द्यायला अजून मुभा नाही, त्यामुळे युद्ध आणि राजकारण या विषयांना तिथं फारसा थारा मिळत नाही.

आकाशवाणीची प्रसारण संहिता वाचल्याशिवाय मात्र या कामाला हात लावू नका. कम्युनिटी रेडिओलाही तीच लागू आहे. यादी छोटी आहे: मित्र राष्ट्रांवर टीका नको, कुठल्या धर्मावर वा समाजावर हल्ला नको, बदनामी नको, हिंसेला चिथावणी नको, न्यायालयाचा अवमान नको, पक्षाचं नाव घेऊन झोडपणं नको. पहिलंच कलम वाचून नवखा माणूस गार पडतो. मित्र राष्ट्रांवर टीका करायची नाही, तर जगातल्या युद्धांवर बोलायचं काय?

बोलता येतं, आणि भरपूर बोलता येतं. फक्त पाहुण्याला मत विचारायची खोड सोडावी लागते. "सर, या युद्धाबद्दल तुम्हाला काय वाटतं?" हा सगळ्यात आळशी प्रश्न. त्यावर सावध माणूस गुळमुळीत बोलतो, उत्साही माणूस भाषण ठोकतो, आणि दोन्ही वेळा ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. त्याऐवजी "हे कसं चालतं?" असं विचारा. मी तर म्हणेन, संहिता उद्या कुणी फाडून टाकली तरी मी हेच विचारीन.

उदाहरण घ्या. २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनवरच्या ठरावाच्या बाजूनं १४१ मतं पडली, विरोधात ५. ३५ देश तटस्थ राहिले आणि त्यांत भारत होता. "भारतानं बरोबर केलं का?" हा प्रश्न टीव्हीवाल्यांना लखलाभ. तुम्ही विचारा, "१४१ देश एका बाजूला उभे राहिले, तरी युद्ध का थांबलं नाही?" मग पाहुण्याला सांगावंच लागतं की आमसभेचा ठराव बंधनकारक नसतो, ज्या सुरक्षा परिषदेचा असतो तिथं पाच कायम सदस्यांना नकाराधिकार आहे, आणि त्या पाचांत रशिया बसलेला आहे. एवढ्यात कुणावर टीका नाही की कुणाची भलामण नाही, आणि ऐकणाऱ्याला पुढच्या दहा बातम्या समजायची सोय झाली.

तसंच हेगचं. विद्वान मंडळी सहज "हेगच्या न्यायालयानं" म्हणून पुढं निघतात. तिथं त्यांना थांबवायचं. हेगमध्ये अशी दोन न्यायालयं आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायालय संयुक्त राष्ट्रांचं, पंधरा न्यायाधीशांचं, आणि तिथं देश देशाविरुद्ध जातो. दक्षिण आफ्रिकेनं डिसेंबर २०२३ मध्ये इस्रायलविरुद्ध अर्ज केला तो तिथं. दुसरं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, २००२ पासूनचं, जिथं माणसांवर खटले चालतात आणि ज्याचा भारत सदस्य नाही. "म्हणजे हे कुठलं, मॅडम?" एवढं म्हणायला काही पीएचडी लागत नाही. पण म्हणायला निवेदकाची जीभ रेटत नाही, कारण आपलं अज्ञान दिसेल अशी भीती असते. ऐकणाऱ्यांनाही नेमकं तेच विचारायचं असतं.

आता जरा स्टुडिओत या. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांवर चर्चा होती. पाहुणे आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवून निवृत्त झालेले, मोठे वाचक, स्वभावानं मऊ. ते चौदा टंकलिखित पानं घेऊन आले. आवाजाची पातळी बघायला म्हणून मी त्यांना थोडं वाचायला सांगितलं, तर त्यांनी मजकुराबरोबर "तळटीप तीन" हेही वाचलं. काचेपलीकडे इंजिनियर खाली मान घालून हसत होता. मी म्हटलं, "सर, कागद बाहेरच्या टेबलावर ठेवूया का? आकडे हवे तर एका चिठ्ठीवर घ्या." सरांचा चेहरा पडला. "पण संदर्भ?" "संदर्भ मी विचारीन, तुम्ही नुसतं सांगा." मग लाल दिवा लागल्यावर मी पहिला प्रश्न टाकला: "सासष्टीतल्या एका आईचा मुलगा कंटेनर बोटीवर तारवटी, म्हणजे खलाशी आहे. तो फोनवर म्हणतो, आम्ही सुएझनं येत नाही, आफ्रिकेला वळसा घालून येतोय. का, ते तिला कसं सांगाल?"

सर क्षणभर थांबले. मग म्हणाले, पणजीहून मडगावला जायला जेवढं अंतर पडतं, साधारण तेवढीच बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीची रुंदी. सुएझकडे जाणाऱ्या जहाजाला त्या चिंचोळ्या जागेतून जावंच लागतं, आणि काठावर येमेन आहे. नोव्हेंबर २०२३ पासून तिथून हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले, म्हणून मोठ्या कंपन्यांनी केप ऑफ गुड होपचा रस्ता धरला. फेरी दहा ते चौदा दिवसांनी लांबते. डिझेल जास्त, विमा जास्त, मुलगा घरी उशिरा. तिथून पुढं एप्रिल २०२४ मध्ये होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणनं ताब्यात घेतलेल्या 'एमएससी एरीज' या बोटीवर आपण आलो, तिच्यावरच्या पंचवीस जणांत सतरा भारतीय होते. चौदा पानांतलं सगळं आलं, तळटीपांसकट, फक्त आईच्या वाटेनं आलं. गोव्यात या विषयांना घरचा धागा शोधायला लांब जावं लागत नाही, तोही एक फायदाच. इराकनं २ ऑगस्ट १९९० ला कुवेतमध्ये फौजा घातल्या तेव्हा तिथं असलेली आणि त्या आठवणी सांगणारी माणसं अजून आपल्या वाड्यांवर आहेत. मोरजीच्या किनाऱ्यावर रशियन आहेत, हरमलला इस्रायली पोरं येतात. ऐकणारा यांना रोज बघतो.

सामाजिक न्यायाच्या चर्चेत वेगळीच अडचण येते. तिथं पाहुणे एकमेकांशी सहमत असतात आणि चर्चा सपक होते. समता हवी, वंचितांना संधी हवी, यावर अर्धा तास माना डोलावता येतात. इथंही "कसं चालतं" हाच उतारा. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. धनगरांना मिळाला नाही. आता जंगलातल्या जमिनीवर हक्क देणारा २००६ चा वन हक्क कायदा बघा. जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचं दाखवावं लागतं. जमातीत नसलेल्या पारंपरिक वननिवासीला मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. एकाच डोंगरावर राहणाऱ्या दोन घरांना पुरावा असा वेगवेगळा. हे एकदा हवेत गेलं की न्यायावर बोलायला तत्त्वज्ञान आणावं लागत नाही. आणि अशा चर्चेत फक्त प्राध्यापक बोलवू नका. दावा कुणाकडे जातो, ग्रामसभेची वन हक्क समिती काय करते, उपविभागीय पातळीवर कागद कुठं अडतो, हे केपे तालुक्यातली एखादी बाय ज्या तपशिलानं सांगेल तो शोधनिबंधात सापडायचा नाही. फक्त तिला शेवटची दोन मिनिटं देऊन "आता प्रत्यक्ष अनुभव ऐकूया" म्हणायची वाईट पद्धत आहे, ती मोडा. तिला आधी बोलू द्या. प्राध्यापकांना तिच्या बोलण्यावर बोलायला लावा. भाषेचं म्हणाल तर ती कोकणीत बोलली तर बोलू दे. आपल्या श्रोत्याला दोन्ही कळतात.

तंत्रज्ञानावर बोलताना लोक एक तर भुलतात, नाहीतर भितात. पाहुणाही त्या लाटेत जातो: "एआय सगळं बदलून टाकणार." काय बदलणार, विचारा. माझ्या आवडीचं उदाहरण जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या एआयच्या संशोधकांच्या २०१८ च्या अभ्यासाचं. चेहरा बघून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली त्यांनी तपासल्या. गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत चुकीचं प्रमाण ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत ते जास्तीत जास्त ०.८ होतं. रेडिओवर हे टक्के तोंडावर फेकले तर हवेत विरतात. शंभर बायकांमागे चौतीस-पस्तीस जणींबाबत चूक, आणि शंभर पुरुषांमागे एखादी, तीही जेमतेम, असं सांगा. त्याच दमात हेही सांगायला लावा की हा अभ्यास स्त्री-पुरुष ओळखण्याचा होता, गर्दीतून अमुक माणूस शोधण्याचा नव्हे. चांगला विद्वान हा फरक आपण होऊन सांगतो, तेव्हा मी त्याचं नाव डायरीत पक्कं लिहून ठेवते. कायद्याची बाजू हवी असेल तर दोन तारखा पाठ असू द्या: २४ ऑगस्ट २०१७, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०२३, आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा.

पाहुणे किती? दोन. फार तर तीन. चार आवाज झाले की कोण बोलतंय हे श्रोत्याला कळत नाही, आणि त्यातले दोघे सारख्या आवाजाचे निघतातच. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात बोलायला सव्वीस-सत्तावीस मिनिटं मिळतात असं धरा. लिहून आणलेली वार्ता असेल तर दहा मिनिटांना हजार-अकराशे शब्द पुरतात. विद्वान मंडळी दोन हजार आणतात आणि मग धावत वाचतात. माईक तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका, नाहीतर प, फ, भ फुटतात. बांगड्या, किल्ल्यांचा जुडगा, कडक इस्त्रीचा कागद, सगळं बाहेर. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली रेकॉर्डिंग ठेवू नका, जून-जुलैत कितीही थांबलात तरी पाऊस थांबत नाही. पाहुणा दिल्लीत किंवा लिस्बनला असेल तर फोनवर बोलायचं, पण त्याला त्याच्याकडेही मोबाईलवर आवाज टिपून पाठवायला सांगायचं, आणि मग दोन्ही जोडायचे. आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

परदेशी नावांचे उच्चार आदल्या रात्री कागदावर देवनागरीत लिहून काढा. खार्तूम, दार्फूर, खार्किव, खान युनिस. पाहुण्याला विचारून एकच उच्चार ठरवा आणि दोघांनी तोच वापरा.

गोव्यात रेडिओ आणि संघर्ष यांचं नातं जुनं आहे, ते माहीत असलेलं बरं. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या जंगलातून, आंबोलीहून आणि नंतर कॅसलरॉकहून, गुप्त रेडिओ केंद्र चालवलं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीनं दाबलेल्या बातम्या ते कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये देत. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या कारवाईत भारतीय हवाई दलानं बांबोळीच्या पोर्तुगीज बिनतारी केंद्रावर बॉम्ब टाकले, ते उगाच नाही. आणि युद्ध, न्याय आणि विज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात कसे नांदतात हे बघायचं असेल तर आपले दा. ध. कोसंबी आहेत: १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेले गणिती, इतिहासकार, जागतिक शांतता चळवळीत वावरलेले, अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेचा आग्रह धरणारे. त्यांच्या नावानं पणजीत जो विचार महोत्सव भरतो, तिथं जाऊन नुसतं बसा. देशभरातले वक्ते येतात. श्रोत्यांतून येणारे प्रश्न वहीत उतरवा; तुमच्या पुढच्या महिन्यांच्या कार्यक्रमांचे विषय तिथंच मिळतात. संदर्भ तपासायला पाटो-पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. बीबीसीची रीथ व्याख्यानंही ऐका, १९४८ मध्ये बर्ट्रंड रसेलपासून सुरू झालेली; २०२१ ची एआयवरची स्टुअर्ट रसेल यांनी दिली. व्याख्यान संपल्यावर येणारे प्रश्न आणि ते कसे आवरले जातात, तिकडे कान ठेवा.

पैशाचं सांगायचं तर मानधन बेताचं आणि उशिरा येणारं. एका ठिकाणी तर माझ्या तीन कार्यक्रमांची बिलं टेबलाटेबलावर फिरून एका फायलीत कायमची झोपली. म्हणून कराराची प्रत, रेकॉर्डिंगची तारीख आणि प्रसारणाची तारीख एका वहीत लिहीत चला. कम्युनिटी केंद्राला प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावे लागतात. त्या मुदतीत रीतसर परवानगी मागून आपल्या कार्यक्रमाची प्रत घ्या, पुढच्या ठिकाणी अर्ज करताना तीच दाखवायची असते. पाहुण्यालाही एक प्रत पाठवा. तो पुन्हा यायला तयार होतो, आणि पुढच्या वेळी कागद कमी आणतो.