एचसीआयमध्ये पीएचडीला अर्ज करताय? या चुका टाळा

सप्टेंबर लागला की माझ्याकडे एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे काय संशोधन करायचंय ते सांगणारं अर्जासोबतचं निवेदन) वाचायला यायला लागतात. पाठवणाऱ्यांत कॉम्प्युटर इंजिनिअर असतात, डिझाइनची मुलं असतात, मानसशास्त्रात एमए केलेले असतात, आणि तीन-चार वर्षं यूएक्समध्ये, म्हणजे अ‍ॅप-वेबसाइट वापरायला सोप्या करण्याच्या कामात, नोकरी करून ‘आता संशोधन करायचंय’ म्हणणारे तर हमखास. मुलं हुशार असतात, मेहनतीही असतात. तरी अर्ज फसतात ते त्याच त्या जागी, आणि बहुतेक वेळा मार्कांचा त्यात काही संबंध नसतो. ह्यूमन-कम्प्युटर इंटरॅक्शन, म्हणजे एचसीआय, हा माणसं तंत्रज्ञान कसं वापरतात याचा अभ्यास करणारा विषय मुळात कुठे शिकवतात आणि तिथले लोक काय शोधतात, याचा अंदाजच चुकलेला असतो.

‘एचसीआय’ नावाचा विभाग शोधत बसणं

सर्वांत महागात पडणारी चूक ही. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनमध्ये एचसीआयची स्वतंत्र संस्थाच आहे आणि पदवीही त्याच नावाची मिळते. बाकी ठिकाणी असं सरळ नाही. जॉर्जिया टेकमध्ये तुम्हाला ‘ह्यूमन-सेंटर्ड कम्प्युटिंग’च्या पीएचडीला अर्ज करावा लागतो. मिशिगनमध्ये हे काम स्कूल ऑफ इन्फर्मेशनमध्ये चालतं, स्टॅनफर्डमध्ये कॉम्प्युटर सायन्समध्ये, आणि पवईच्या आयआयटीत आयडीसी या डिझाइन स्कूलमध्ये. सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये तर एकाच आवारात तीन दारं आहेत: ह्यूमन सेंटर्ड डिझाइन अँड इंजिनिअरिंग, इन्फर्मेशन स्कूल आणि कॉम्प्युटर सायन्स. तिन्हीकडचे लोक ‘डब’ नावाच्या गटात एकत्र येतात, पण प्रवेश मात्र वेगवेगळे.

मुलं काय करतात, तर रँकिंगची यादी उघडतात आणि वरून खाली अर्ज टाकत सुटतात. मग मानसशास्त्रातली मुलगी कॉम्प्युटर सायन्सच्या विभागात अर्ज करते. तिथे अल्गोरिदम आणि सिस्टिम्सची पायाभरणी मागतात. तोच अर्ज एखाद्या इन्फर्मेशन स्कूलकडे गेला असता, तर तिने लोकांच्या मुलाखती घेऊन केलेल्या अभ्यासाला खरी किंमत मिळाली असती.

म्हणून उलटीकडून या. सीएचआय, सीएससीडब्ल्यू, यूआयएसटी या एचसीआयमधल्या मोठ्या परिषदांचे गेल्या दोन-तीन वर्षांतले पेपर चाळा. जे वाचताना ‘हे मला करायचंय’ असं वाटलं, ते कुणी लिहिलेत ते बघा. ती माणसं कुठल्या विभागातून विद्यार्थी घेतात हे त्यांच्या पानावर लिहिलेलं असतं. आधी माणूस, मग विभाग आणि सगळ्यात शेवटी विद्यापीठाचं नाव.

पीएचडीला मोठं मास्टर्स समजणं

यूएक्समधून येणाऱ्यांची ही हातखंडा चूक. बारा प्रोजेक्टचा देखणा पोर्टफोलिओ जोडतात, त्यात पर्सोना (नमुन्यादाखल कल्पिलेले वापरकर्ते), वायरफ्रेम (स्क्रीनचे कच्चे आराखडे), ‘कन्व्हर्जन इतक्या टक्क्यांनी वाढलं’ वगैरे. नोकरीसाठी हे उत्तम आहे. पीएचडीची समिती मात्र या माणसाला कुठला प्रश्न पडला आणि त्याचं उत्तर त्याने कसं शोधलं, हे बघते.

इंद्राणी मेधी यांचं मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातलं काम याचं चांगलं उदाहरण आहे. बंगळुरूतल्या घरकाम करणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांबरोबर काम करून त्यांनी अक्षरांशिवाय चालणारा इंटरफेस तयार केला. चित्रं आली, आवाज आला. एखादी कंपनी इथे थांबली असती. पण पुढचा प्रश्न असा होता की अक्षरं काढून टाकल्यावरही काही अडतं का? एका मेन्यूच्या पोटात दुसरा मेन्यू अशी रचना असली, तर शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला ती साध्या सरळ यादीपेक्षा अवघड जाते का? याची तुलना करून बघणं म्हणजे संशोधन. तुमच्या नोकरीतल्या कामातही असा एखादा प्रश्न दडलेला असतो. तो एकच उकरून काढा आणि बाकीचे अकरा प्रोजेक्ट एका ओळीत उरका.

एसओपीतलं बालपण

‘लहानपणापासून मला तंत्रज्ञानाची आवड होती’ या वाक्याने सुरू होणारी एसओपी मी पहिल्या परिच्छेदातच थांबवते आणि पुन्हा लिहायला सांगते. त्या वाक्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. एक नमुना देते. पहिला खर्डा साधारण असा असतो:

‘ग्रामीण भारतात तंत्रज्ञान पोहोचवून समाजात बदल घडवणं हे माझं ध्येय आहे. आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठात ते साध्य होईल.’

आता हाच विषय जवळ जाऊन पाहू. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप इंग्रजीत असणं ही त्यांची एक मोठी तक्रार होती. समजा, तुम्ही एखाद्या अंगणवाडीत चार दिवस बसलात आणि सेविका आधी कागदी रजिस्टर भरतात, मग रात्री घरी मोबाइलवर तीच माहिती पुन्हा चढवतात, असं तुम्हाला दिसलं. तर लिहा: ‘मराठी भाषा दिली तरी हे दुहेरी काम का टिकतं? रजिस्टर सेविकेला असं काय देतं, जे अ‍ॅप देत नाही? हे मला निरीक्षण आणि मुलाखतींतून शोधायचं आहे.’ त्याखाली दोन ओळींत, अमुक प्राध्यापकांच्या आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या कामाशी हे कसं जुळतं ते लिहा. एवढ्याने वाचणारा सरसावून बसतो.

आणि हो, मिशिगनसारख्या ठिकाणी एसओपीबरोबर वैयक्तिक निवेदन वेगळं मागतात. घरची परिस्थिती, गावातून शहरात येणं, मध्येच सुटलेलं शिक्षण हे त्यात सांगा. तोच मजकूर दोन्हीकडे चिकटवू नका.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’

शिफारसपत्रांत आपल्याकडची मुलं सगळ्यात जास्त मार खातात. सर बिझी असतात, विद्यार्थ्यालाच मसुदा करायला सांगतात. मग तिन्ही पत्रांत तीच भाषा, तीच विशेषणं. समितीतले लोक वर्षानुवर्षं पत्रं वाचत आलेले असतात, त्यांच्या हे लगेच ध्यानात येतं. शिवाय हे मुळात प्रामाणिकपणाचं नाही.

सरांना मसुदा देऊ नका, टिपणं द्या. कुठलं प्रोजेक्ट, त्यात तुम्ही नेमकं काय केलं, कुठे अडलात, त्यावर कसा मार्ग काढलात, एवढं एका पानावर. पत्र त्यांचं त्यांना लिहू द्या. विभागप्रमुखांच्या गोड पण पोकळ पत्रापेक्षा, ज्यांच्या हाताखाली तुम्ही सहा महिने राबलात त्या तरुण असिस्टंट प्रोफेसरांचं पत्र कितीतरी वजनदार ठरतं. तीनपैकी एक पत्र ऑफिसातल्या मॅनेजरचं असलं तरी हरकत नाही, पण तिन्ही तशी नकोत. सरांचा ईमेल संस्थेचा द्या, जीमेल टाळा. फॉर्ममध्ये पत्र बघण्याचा हक्क सोडता का, असं विचारतात. सोडा. नाहीतर पत्रावर कुणी फारसा भरवसा ठेवत नाही.

पैसे भरून छापलेला पेपर

‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ’ने सुरू होणाऱ्या, पैसे भरले की आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांत पेपर देऊ नका. सीव्हीवर तो उलटा डाग ठरतो. कॉलेजात जर्नलला मान असतो म्हणून मुलं तिकडे वळतात, पण एचसीआयमध्ये परिषदेतल्या पेपरला जर्नलइतकंच वजन आहे. इंडिया एचसीआयसारख्या परिषदेत किंवा सीएचआयच्या पोस्टरसारख्या विभागात छोटंसं पण खरं काम गेलं तर उत्तमच. काहीच छापलेलं नसेल तरी अडत नाही. चांगला लिहिलेला प्रबंध जोडा.

कागदपत्रं, भराभर

जीआरई ही प्रवेश परीक्षा बऱ्याच ठिकाणी आता मागत नाहीत. त्या वर्षीचं पान बघा, सीनियरचं ऐकू नका. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोनच वर्षं चालतात. सीजीपीए मार्कशीटवर आहे तसाच लिहा, स्वतः चारच्या पट्टीवर आणू नका. नुसती तीन वर्षांची बीएस्सी असेल तर काही अमेरिकी विद्यापीठं अडवतात. वर मास्टर्स असेल तर सहसा प्रश्न येत नाही. बऱ्याच मुदती डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:२९. पण सरांना मुदत सांगताना एक आठवडा आधीचीच सांगा.

एकच अर्ज सगळ्या देशांना

अमेरिकेत एसओपी लागते, ब्रिटनमध्ये बहुधा संशोधनाचा प्रस्ताव. डेन्मार्क, स्वीडन, नेदरलँड्समध्ये पीएचडी ही पगारी नोकरी असते. जाहिरात वर्षभरात कधीही निघते, प्रकल्प बहुधा आधीच ठरलेला असतो आणि मास्टर्स सहसा लागतं. तिथे स्वतःचं स्वप्न रंगवण्यापेक्षा त्या प्रकल्पाला तुमचा काय उपयोग ते सांगा. आयआयटी मुंबईत वर्षातून दोनदा प्रवेश होतात. सीड (डिझाइनची प्रवेश परीक्षा), गेट, नेट यांपैकी काय चालेल ते त्या वेळच्या माहितीपुस्तिकेत नीट वाचा. मराठी टायपिंगसाठी स्वरचक्र कीबोर्ड आयडीसीतूनच आला. भारतीय भाषांवर काम करायचं असेल तर परदेशाच्या नादात ही जागा यादीतून गाळू नका.

नकार आला तर कुठे बिघडलं?

एकाही ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलं नसेल, तर दोष एसओपीत किंवा प्राध्यापकांच्या निवडीत शोधा. मुलाखती झाल्या पण ऑफर नाही, तर बऱ्याचदा त्या प्राध्यापकांकडे त्या वर्षी पैसे किंवा जागा नसते. हे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चार ओळींच्या ईमेलने विचारता आलं असतं. मात्र ज्यांनी पानावर ‘ईमेल करू नका’ लिहिलंय, त्यांना करू नका. दोन्ही बाबतींत मधलं वर्ष एखाद्या लॅबमध्ये प्रोजेक्ट स्टाफ म्हणून किंवा मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या रिसर्च फेलोसारख्या जागेवर काढलंत, तर पुढच्या अर्जाला संशोधन जवळून पाहिलेल्या माणसाचं पत्र मिळतं.

ऑफर आली पण फी माफी आणि स्टायपेंड नाही, असं अमेरिकेतून कळवलं तर घरचं कर्ज काढून होकार देऊ नका. तिथे चांगल्या कार्यक्रमांत या विषयाची पीएचडी स्वखर्चाने करत नाहीत. आणि पैशांसकट ऑफर देऊन कुणी दोन दिवसांत उत्तर मागत असेल, तर ते विद्यापीठ ‘कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स’ या अमेरिकी संघटनेच्या १५ एप्रिलच्या ठरावावर सही केलेल्यांपैकी आहे का ते बघा. असेल, तर १५ एप्रिलपर्यंत थांबायचा तुम्हाला हक्क आहे, तसं नम्रपणे लिहून कळवा.