कादंबरी लिहून झाली, आता प्रकाशक

कादंबरी लिहून झाल्याचं कळलं की लोक लगेच विचारतात, "कुणाकडे देणार?" याचं उत्तर आपल्याच पुस्तकांच्या कपाटात शोधावं. गेल्या काही वर्षांतल्या ज्या मराठी कादंबऱ्या आपल्या लेखनाच्या जवळच्या वाटतात, त्या कुणी काढल्या ते पाहावं. माझी कादंबरी इचलकरंजीतल्या यंत्रमाग कामगारांची आहे. ऐतिहासिक कादंबऱ्या आणि अनुवाद यांवर ज्यांचा भर आहे, त्यांच्याकडे ती पाठवण्यात अर्थ नव्हता. कामगारांच्या आणि निमशहरी जगण्यावर सातत्यानं पुस्तकं काढणारी मोजकी नावं अशीच माझ्या हाती लागली.

बाड पाठवण्याआधी फोन करावा. कुणाला पूर्ण कादंबरी हवी असते, कुणाला सारांश आणि दोन प्रकरणं. मजकूर युनिकोडमध्ये, शुद्धलेखन तपासलेला असावा. एका वेळी एकाच प्रकाशकाकडे देण्याचा आपल्याकडे रिवाज आहे. मी तो पाळते, पण निर्णय साधारण कधी कळेल ते सुरुवातीलाच विचारून घेते. सहा महिने, कधी वर्षसुद्धा जातं. या काळात दर आठवड्याला फोन करू नये. सांगितलेली मुदत उलटली की मात्र नि:संकोच विचारावं.

उशीर का होतो हे समजून घेतलं तर मनस्ताप कमी होतो. पूर्वी हजाराची आवृत्ती सर्रास निघे, आता पाचशेची निघते, पुष्कळदा त्याहूनही लहान. छापील किमतीतला तिसरा हिस्सा, कधी जास्तच, विक्रेत्या-वितरकांच्या कमिशनात जातो. ग्रंथालयांच्या खरेदीचा मोठा आधार असतो, पण ती नव्या नावाला लगेच मिळत नाही. नवोदिताची तीनशे पानी कादंबरी स्वीकारणं म्हणजे प्रकाशकानं स्वतःचे पैसे काही वर्षं गुंतवून ठेवणं.

म्हणूनच 'निर्मितीखर्च तुम्ही द्या' हे वाक्य कानावर येतं. एका ठिकाणी मला खर्चही मागितला आणि वर शंभर प्रती विकत घ्यायला सांगितलं. मी नकार दिला. पैसे आधीच वसूल झाले की ते पुस्तक विकण्याची निकड कुणाला उरत नाही, हे माझं ठाम मत आहे. स्वतःच खर्च करायचा असेल तर उघडपणे स्वतःच प्रकाशक व्हावं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनाशुल्क मिळतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आहे. मंडळ हस्तलिखितं मागवतं, तज्ज्ञांकडून वाचून घेतं आणि निवड झालेल्या पहिल्या पुस्तकाला प्रकाशनासाठी अनुदान देतं. या योजनेच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

दिवाळी अंकांना कमी लेखू नका. का. र. मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. नवं नाव संपादकांच्या डोळ्यांत भरण्याची ती अजूनही मोठी जागा आहे. कादंबरीतलं स्वतंत्रपणे उभं राहणारं एखादं प्रकरण जून-जुलैपर्यंत पाठवावं. माझं सायझिंगमधल्या, म्हणजे सुताला खळ देण्याच्या कारखान्यातल्या, रात्रपाळीचं प्रकरण असंच छापून आलं आणि पुढच्या प्रकाशकानं ते आधीच वाचलेलं होतं.

'साभार परत' अनेक प्रकारचं असतं. नुसती ओळ आली तर पुढच्या नावाकडे वळावं. कारण लिहून आलं तर ते पत्र जपून ठेवावं. एका संपादकांनी मला सविस्तर लिहिलं होतं की पहिली साठ पानं गावाची ओळख करून देण्यात जातात, गोष्ट संपाच्या नोटिशीपासून उभी राहते. एका अनोळखी माणसानं माझी कादंबरी इतकी बारकाईनं वाचली, याचा मला झालेला आनंद नकारापेक्षा मोठा होता. आता कादंबरी नोटिशीपासूनच सुरू होते. प्रकाशक शोधताना मी खरं तर असा वाचणारा संपादक शोधते आहे.

होकार आला की करार लेखीच करा. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीचं असावं लागतं. कराराची मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. रॉयल्टी छापील किमतीवर की विक्रीच्या रकमेवर, हिशेब वर्षातून कधी, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद आणि चित्रपटाचे हक्क कुणाकडे, हे सगळं एकेक करून विचारा. पहिलंच पुस्तक म्हणून संकोच करायचं कारण नाही. चांगला प्रकाशक या प्रश्नांनी दुखावत नाही.

माझं बाड सध्या एका प्रकाशकांकडे दुसऱ्या वाचनाला गेलं आहे. या वेळी होकार येईल अशी मला आशा आहे, आणि कराराबद्दल विचारायच्या प्रश्नांचा कागद मी तयार ठेवला आहे.