एकाच नावाच्या दोन विनाशिका: युद्धनौकेचा सेवा-इतिहास कसा लिहावा

नुसतं ‘आयएनएस राजपूत’ लिहिलं, तर कुठली राजपूत हे वाचणाऱ्याला कळत नाही. या नावाच्या दोन विनाशिका भारतीय नौदलात होऊन गेल्या. पहिली ब्रिटनमध्ये बांधलेली. ती १९४९ मध्ये आपल्याकडे आली, १९७१ च्या युद्धात विशाखापट्टणमला होती आणि १९७६ मध्ये मोडीत निघाली. दुसरी सोव्हिएत संघात बांधलेली. ती ४ मे १९८० रोजी नौदलात दाखल झाली आणि २१ मे २०२१ रोजी निवृत्त झाली. २०२१ च्या निरोपाच्या वेळी ‘गाझीला बुडवणारी राजपूत निवृत्त’ अशा आशयाच्या पोस्टी फिरल्या. गाझी ही पाकिस्तानी पाणबुडी १९७१ मध्ये बुडाली. तेव्हा या दुसऱ्या राजपूतची कील, म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा, मांडलेलीसुद्धा नव्हती.

एखाद्या विनाशिकेचा इतिहास लिहायला घेतलात की सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. म्हणून हीच दोन जहाजं समोर ठेवून पद्धत सांगतो.

आधी सांगाडा पक्का करा

नाव बदलतं, झेंडा बदलतो, क्रमांक बदलतो. लोखंडी सांगाडा तोच राहतो. इतिहास त्या सांगाड्याचा लिहायचा. म्हणून कागदावर पहिली ओळ नावाची नको, गोदीची हवी: कुठल्या गोदीत बांधली, कील कधी मांडली. पहिल्या राजपूतसाठी ती ओळ अशी होईल: जॉन ब्राऊन, क्लाइडबँक, स्कॉटलंड, १९४१. दुसरीसाठी: ६१ कम्युनार्ड्स गोदी, निकोलायेव, ११ सप्टेंबर १९७६. या ओळीखाली त्या सांगाड्याने वागवलेली सगळी नावं तारखांसह लिहा.

पहिलीची नावं पाहा. १९४२ मध्ये ब्रिटिश नौदलात ती ‘एचएमएस रॉदरहॅम’ म्हणून दाखल झाली. १९४९ मध्ये भारताकडे आली तेव्हा आपण अजून प्रजासत्ताक नव्हतो, त्यामुळे ती ‘एचएमआयएस (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) राजपूत’ झाली. ‘आयएनएस’ हे उपपद लागलं ते २६ जानेवारी १९५० नंतर. म्हणजे ‘१९४९ मध्ये आयएनएस राजपूत दाखल झाली’ हे वाक्य चुकीचं. चूक छोटी दिसते, पण जुन्या कागदपत्रांत शोध घेताना तीच आडवी येते: १९४९ च्या कागदात ‘आयएनएस’ शोधाल तर हाती काही लागणार नाही. दुसरीचंही तसंच. तिची बांधणी ‘नादेझ्नी’ या रशियन नावाने झाली, राजपूत हे नाव नंतरचं.

पेनंट क्रमांक, म्हणजे जहाजाच्या कुशीवर रंगवलेला अक्षर-अंक, ओळख पटवायला उपयोगी असतो. पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. रॉदरहॅमचा क्रमांक युद्धकाळात एच-०९ होता. १९४८ मध्ये ब्रिटिशांनी पद्धत बदलली आणि विनाशिकांना ‘डी’ अक्षर मिळालं. दुसऱ्या राजपूतचा क्रमांक डी-५१. क्रमांक दिसत असेल तर फोटो कुठल्या काळातला हेही पडताळा.

क्रमांक दिसत नसेल तर धुराडी बघा. पहिल्या राजपूतला मधोमध एकच, किंचित मागे कललेलं धुराडं आहे. दुसरी काशीन जातीची (जात म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या नौकांचा गट). तिला धुराड्यांच्या दोन जोड्या, एक पुढे आणि एक मागे. एवढं माहीत असलं की दोघींच्या फोटोंत घोटाळा होत नाही. तोफांनीही खात्री करता येते: पहिलीवर ४.७ इंची एकनळी तोफा चार, दुसरीवर पुढच्या बाजूला झाकलेला जोडतोफेचा बुरूज.

तारखांचे रकाने

प्रत्येक जहाजासाठी सहा रकाने आखा: कील मांडणं, जलावतरण, नौदलात दाखल, हस्तांतर असल्यास हस्तांतर, निवृत्ती, शेवट. हे सहा वेगळे टप्पे आहेत आणि बातम्यांमध्ये ते सर्रास एकमेकांत मिसळतात. जलावतरण झालं म्हणजे सांगाडा पाण्यात उतरला, बस. त्यानंतर यंत्रं, शस्त्रं, रडार बसायला आणि चाचण्या व्हायला महिने, कधी वर्षं लागतात. डी-५१ चं जलावतरण १७ सप्टेंबर १९७७ चं आणि नौदलातला प्रवेश ४ मे १९८० चा, मध्ये अडीच वर्षांहून जास्त. युद्धाच्या घाईत हे अंतर कमी होतं: रॉदरहॅमचं जलावतरण २१ मार्च १९४२ ला झालं आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती सेवेत आली.

निवृत्ती आणि शेवट हेही वेगळे ठेवा. निवृत्तीच्या दिवशी सूर्यास्ताला नौदलाचा ध्वज आणि कमिशनिंग पेनंट (सेवेतल्या नौकेवर फडकणारं लांब, अरुंद निशाण) उतरवतात; जहाज मात्र तिथेच असतं. पुढे ते लक्ष्य म्हणून बुडवलं जातं, संग्रहालय होतं किंवा भंगारात जातं. पहिल्या राजपूतच्या ‘शेवट’ रकान्यात ‘मोडीत, १९७६’ येईल. ते वर्ष निवृत्तीच्या रकान्यात ढकलू नका.

गावांची नावं त्या काळच्या देशासह लिहा. डी-५१ पोती बंदरात दाखल झाली. पोती आज जॉर्जियात आहे आणि निकोलायेव युक्रेनमध्ये. १९८० मध्ये दोन्ही सोव्हिएत संघात होती. म्हणूनच दाखल करायला भारताचे सोव्हिएत संघातले राजदूत इंद्रकुमार गुजराल गेले होते. ‘जॉर्जिया’ एवढंच लिहिलंत तर वाचणारा विचारेल, मॉस्कोचे राजदूत तिथे कशाला?

वजनाच्या आकड्यापुढे कुठलं वजन ते लिहायलाच हवं. ‘प्रमाण विस्थापन’ ही १९२२ च्या वॉशिंग्टन करारातली संज्ञा. त्यात इंधन आणि बॉयलरसाठीचं राखीव पाणी धरत नाहीत. ‘पूर्णभार’ म्हणजे सगळं भरून. डी-५१ साठी हे आकडे साधारण ३,९५० आणि ४,९७४ टन येतात. एका जहाजाचा प्रमाण आणि दुसऱ्याचा पूर्णभार घेऊन तुलना केली तर ती निरर्थक. ब्रिटिश कागदांतला टन लाँग टन असतो, म्हणजे १.०१६ मेट्रिक टन.

सेवेचा क्रम लावताना

दर घटनेला एक नोंद: तारीख, वेळ आणि ती कुठल्या घड्याळाची, ठिकाण, जहाजाने नेमकं काय केलं, माहिती कुठून मिळाली. ‘अमुक मोहिमेत सहभाग’ एवढ्यावर थांबू नका. डी-५१ च्या नोंदीत ऑपरेशन पवन आणि ऑपरेशन कॅक्टस ही दोन्ही नावं येतात. पवन १९८७ ला सुरू झालेली श्रीलंकेतली मोहीम, तिथे काम गस्तीचं. कॅक्टस १९८८ मधली मालदीवची, तिथे ओलिसांचा प्रश्न सोडवायचा होता. एकाच ओळीत कोंबली की दोन्हींचा अर्थ जातो.

साधनांची प्रतवारी अशी ठेवावी. सगळ्यात वर लॉगबुक आणि त्या वेळचे अहवाल. ब्रिटिश जहाजांची लॉगबुकं लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एडीएम ५३’ मालिकेत असतात, पण दुसऱ्या महायुद्धातल्या विनाशिकांची बरीचशी जपली गेलेली नाहीत. त्यांच्यासाठी ‘एडीएम १९९’ मधले युद्ध-अहवाल चाळावे लागतात. भारतीय बाजूला दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे. संरक्षण मंत्रालयाच्या जून २०२१ च्या धोरणाप्रमाणे कागद साधारण २५ वर्षांनी खुले व्हायला हवेत. त्याखाली पत्र सूचना कार्यालयाची प्रसिद्धिपत्रकं. निवृत्तीच्या वेळचं पत्रक जरूर शोधा. कील, जलावतरण, पहिले कमांडिंग ऑफिसर हे एका जागी तिथेच मिळतं.

साधन कोणाचं आहे हेही बघा. नौदलाचा १९६५ ते २००० चा अधिकृत इतिहास तीन खंडांत लिहिणारे व्हाइस अ‍ॅडमिरल गुलाब हिरानंदानी हेच डी-५१ चे पहिले कमांडिंग ऑफिसर. त्यांची माहिती आतल्या माणसाची असल्याने मोलाची आहे. पण त्यांच्या स्वतःच्या जहाजाबद्दलचं मत वापरताना ते त्यांचं मत आहे असं लिहायला विसरू नका.

जिथे वाद आहे तिथे काय करायचं

पहिल्या राजपूतचा इतिहास लिहिताना गाझीचा प्रसंग टाळता येत नाही, आणि घाईने उरकताही येत नाही. इथे चार थर वेगळे करा.

पहिला थर निर्विवाद गोष्टींचा. पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी (मूळची अमेरिकन ‘डायब्लो’) डिसेंबर १९७१ च्या सुरुवातीला विशाखापट्टणमच्या समोर समुद्रात सर्व खलाशांसह बुडाली. तिचे अवशेष तिथेच तळाशी आहेत. दुसरा थर भारतीय बाजूचा: विमानवाहू नौका विक्रांत अंदमानकडे हलवलेली होती, ती विशाखापट्टणमला असल्याचा भास व्हावा म्हणून राजपूतवरून बिनतारी संदेश पाठवले गेले, मग लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांच्या हाताखाली राजपूत मध्यरात्रीच्या सुमारास बंदराबाहेर पडली, पाण्यात खळबळ दिसल्यावर तिने डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे, पाणबुडीविरोधी स्फोटक) टाकले आणि काही वेळाने मोठा स्फोट ऐकू आला. तिसरा थर पाकिस्तानी बाजूचा: स्फोट पाणबुडीच्या आत झाला, किंवा तिने स्वतःच पेरलेल्या पाणसुरुंगामुळे झाला. चौथा थर तुमच्या मताचा. तो शेवटी, वेगळ्या परिच्छेदात, आणि कारणांसह.

या प्रसंगाच्या तारखेतही फसगत होते. पाकिस्तानने विमानतळांवर हल्ले केले ३ डिसेंबरच्या संध्याकाळी. स्फोटाची वेळ मध्यरात्रीनंतरची, म्हणजे ४ डिसेंबर. कुणी ‘३ च्या रात्री’ लिहितो, कुणी ‘४ च्या पहाटे’, आणि नक्कल करणारा त्यांचे दोन प्रसंग करून टाकतो. ‘३ आणि ४ डिसेंबरमधली रात्र, भारतीय प्रमाणवेळ’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो. मृतांचा आकडा ९२ आणि ९३ असा दोन्ही छापलेला आहे. एक निवडून दुसरा गुपचूप गाळू नका, दोन्ही द्या. ती माणसं होती. त्यांच्या संख्येत हलगर्जी नको.

नाव कोणाचं

जहाज ज्याच्या नावाने ओळखलं जातं त्याचा शोध हा वेगळा उद्योग आहे, आणि त्यात उच्चारसाम्य फार दगा देतं. रॉदरहॅम म्हटलं की यॉर्कशायरमधलं त्या नावाचं गाव डोळ्यांसमोर येतं. ब्रिटनमध्ये १९४१-४२ मध्ये गावोगावी निधी जमवून जहाज ‘दत्तक’ घेण्याची मोहीमही होती, त्यामुळे गाव आणि जहाज यांचं नातं सहज खरं वाटतं. पण हे नाव आहे कॅप्टन एडवर्ड रॉदरॅम यांचं. २१ ऑक्टोबर १८०५ च्या ट्राफल्गारच्या लढाईत ब्रिटिश अ‍ॅडमिरल कॉलिंगवूड यांचं निशाण असलेल्या ‘रॉयल सॉव्हरिन’चे ते कॅप्टन होते. पुढे त्यांनी ‘बेलेरोफॉन’चं नेतृत्व केलं आणि १८३० मध्ये ते वारले. माणसाच्या आणि जहाजाच्या नावातल्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे. शोधताना दोन्ही घालून बघा.

गाव नसून माणूस, हे कशावरून ओळखायचं? त्या जातीची पूर्ण यादी मांडा. रॉदरहॅमच्या बहिणी: रेसहॉर्स, रेडर, रॅपिड, रिडाउट, रिलेंटलेस, रॉकेट, रोबक. सगळे साधे शब्द, फक्त ‘र’ने सुरू होणारे. यादीत वेगळं पडणारं नाव एकच, आणि ती ताफ्याची अग्रनौका होती. अशा अग्रनौकांना गाजलेल्या नौदल अधिकाऱ्यांची नावं द्यायची ब्रिटिशांची रीत होती: हार्डी, ट्रूब्रिज, सोमारेझ, ग्रेनव्हिल. एकटं नाव बघून जे कळत नाही ते पूर्ण जातीची यादी बघून कळतं. ही तपासणी प्रत्येक जहाजासाठी करावी.

नावाची साखळी पुढेही जाते. जपानच्या शरणागतीनंतर, सप्टेंबर १९४५ मध्ये, सिंगापूरचा नाविक तळ ताब्यात घेताना रॉदरहॅम तिथे होती. तळाच्या एका दरवाज्याला तिच्यावरून ‘रॉदरहॅम गेट’ नाव पडलं. त्या दरवाज्याचं नाव जहाजावरून आलं, कॅप्टनवरून नाही. अशी कडी कोणत्या कडीला लागलेली आहे हे बाण काढून दाखवा.

भारतीय राजपूतच्या बाबतीत आणखी एक भेद सांभाळा. डी-५१ लष्कराच्या राजपूत रेजिमेंटशी संलग्न होती, आणि लष्कराच्या एखाद्या रेजिमेंटशी संलग्न झालेली नौदलाची ती पहिली युद्धनौका. पण संलग्नता म्हणजे नामकरण नव्हे. जहाजाचं नाव तर १९४९ पासूनच्या आधीच्या राजपूतचा वारसा. तीच गोष्ट राणा आणि रणजित यांची: ब्रिटिश ‘रेडर’ राणा झाली, ‘रिडाउट’ रणजित झाली, आणि ऐंशीच्या दशकात दोन्ही नावं सोव्हिएत बांधणीच्या नव्या नौकांना मिळाली. ‘आधीची नौका’ असा रकाना ठेवा, म्हणजे वारसा दिसेल आणि कामगिऱ्या मिसळणार नाहीत.

सरावासाठी एक जहाज

हात बसवायला ‘आयएनएस मुरगाव’ घ्या. माझगाव गोदीत बांधलेली, नाव गोव्याच्या बंदराचं. जातीची यादी मांडा: विशाखापट्टणम, मुरगाव, इंफाळ, सुरत. चारही शहरं, देशाच्या चार बाजूंची. इथे माणूस शोधायचं कारण नाही. नाव मुरगाव, मोरमुगाव, मार्मागोवा असं अनेक तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल, सगळ्यांनी शोध घ्या. जलावतरण १७ सप्टेंबर २०१६. समुद्रात पहिल्यांदा गेली १९ डिसेंबर २०२१ ला, गोवा मुक्तीच्या साठाव्या वर्षदिनी. नौदलात दाखल १८ डिसेंबर २०२२. मधली तारीख मोठ्या दिवसाची असल्यामुळे बरेच जण तीच ‘दाखल झाली’ म्हणून लिहितात. तुमच्या रकान्यांत ती ‘सागरी चाचण्या’ या शेऱ्याखाली जायला हवी.

सेवेत असलेल्या नौकेबद्दल लिहिताना फक्त नौदलाने स्वतः जाहीर केलेलं घ्या. सध्या कुठे आहे, दुरुस्तीला कधी जाणार, कोणाच्या ओळखीतून काय कळलं, हे लिहू नका. शासकीय गुपिते कायदा १९२३ चा असला तरी आजही लागू आहे. निवृत्ती आणि शेवट हे रकाने कोरे सोडा, आणि कागदाच्या तळाशी ‘माहिती अमुक तारखेपर्यंतची’ असं लिहा.